काडी मोडायला रंगूनला

माझी सगुणाआत्या अनोळखी माणसाच्या हातात गाठोडं द्यायची. विचारायची नाही, विनवायची नाही, समोरचा कोण, कुठला हेही बघायची नाही. दमली की जिथं असेल तिथं बसकण मारायची आणि शेजारून जाणाऱ्याला म्हणायची, "धर रं बाबा जरा." तो काही बोलायच्या आत गाठोडं त्याच्या हातात गेलेलं असायचं. हातात आलेली वस्तू खाली टाकून निघून जाणं माणसाला सहसा जमत नाही. तो घुटमळतो, मग उभा राहतो, मग विचारतो, "आजी, कुठं जायचंय?" एवढं झालं की आत्याचं काम झालं. "वाट कुटं पळून चाललीया व्हय, बसू वाईच," असं मला सांगून ती पाय चोळत बसायची आणि मी त्या गाठोड्यावर डोळा ठेवून उभा. नसरापूरच्या बाजारापासून रंगूनच्या धक्क्यापर्यंत तिचं एकही गाठोडं चोरीला गेलं नाही. पहारा करून करून माझे पाय मात्र तेव्हा जे दुखायला लागले ते अजून थांबलेले नाहीत.

रंगूनचं नाव काढलं म्हणून कुणी आम्हाला पैसेवाले समजू नये. आमचं घर वरवे बुद्रुकचं, आत्या दिली होती मार्गासनीला. भाताची चार खाचरं, एक म्हैस, नवरा लवकर गेलेला, एकुलता एक मुलगा शिरपती. या शिरपाचं लग्न झालं, वर्षभर तो घरी राहिला, मग मुंबईला गेला आणि तिथून कुणाच्या तरी नादानं रंगूनला भाताच्या गिरणीत गेला. घरात राहिल्या दोघी, आत्या आणि सून हौसा. दोघींनी मिळून लावणी करायची, दोघींनी कापणी. बरीच वर्षं अशी गेली. मग रंगूनहून परतलेल्या एका माणसानं सांगितलं की शिरपानं तिकडं घर केलंय, बाई तिकडचीच आहे.

हौसा तेव्हा पंचविशीतही नव्हती. वेल्ह्याकडचा एक बायको गेलेला शेतकरी, शहाणा माणूस, तिच्याशी पाट लावायला तयार होता. पण आमच्याकडचा रिवाज असा की नवरा जिवंत असेल तर त्यानं आपल्या हातानं पंचांसमोर काडी मोडायची. काडी मोडली की बाई मोकळी. नाही मोडली तर तो सातासमुद्रापलीकडं का असेना, ती त्याचीच.

आत्यानं पंच बोलावले. पाटील म्हणाले, "सगुणाबाई, आमचं काय वाकडं न्हाई. पर शिरपानं काडी मोडल्याबिगर पोरीला मोकळं करता येत न्हाई."

"मग मोडून आनते," आत्या म्हणाली.

"पाच मानसांम्होरं मोडाय लागती."

"पाच तर पाच."

"आन काडी घरची पायजे. वाटंवरची उचललेली चालत न्हाई."

"अजून काय असलं तर आत्ताच सांगा," आत्या म्हणाली, "मला सारकं सारकं जायाला व्हनार न्हाई."

पंच हसले. म्हातारी नसरापूरच्या पुढं जाणार नाही अशी त्यांची खात्री होती. माझीही तीच होती. पण आत्यानं दुभती म्हैस विकली आणि मला निरोप धाडला. मी तेव्हा भोरला कचेरीत नकलनवीस होतो. दुसऱ्यांनी लिहिलेलं वळणदार अक्षरात पुन्हा लिहायचं, एवढीच माझी विद्या. पण भावकीत इंग्रजी पाटी वाचू शकणारा मी एकटाच, म्हणून जगाची माहिती असलेला माणूस असा माझा लौकिक झाला होता. हौसा आम्हाला घालवायला नसरापूरपर्यंत चालत आली. सगळ्या वाटेनं ती एकच वाक्य बोलली, "आत्याबाई, न्हाई जमलं तर न्हाई, पर तुमी माघारी या."

पहिला घोटाळा मुहूर्तानं केला. मुहूर्त सोमवारचा निघाला, आम्हाला निघायचं होतं गुरुवारी. अशा वेळी आपल्याकडं प्रस्थान ठेवतात. जाणाऱ्याची एखादी वस्तू मुहूर्तावर वाटेवरच्या एखाद्या घरी नेऊन ठेवायची, म्हणजे माणूस निघालंच असं धरतात, आणि जाताना ती उचलून न्यायची. आत्यानं प्रस्थानासाठी अंगावरचं वस्त्र मागितलं. मी माझा एकुलता एक कोट दिला. तो नसरापूरच्या एका ओळखीच्या वाण्याकडं ठेवला. गुरुवारी आम्ही गेलो तर वाण्याच्या दाराला कुलूप. सगळं घर लग्नाला गेलेलं. मोटार उभी, क्लीनर ओरडतोय. आम्ही कोटाशिवाय निघालो. त्या परतलेल्या माणसाकडून घेतलेला शिरपाचा पत्ता मी कोटाच्या आतल्या खिशात ठेवला होता, हे मला बोट धरायला मद्रासला पोचल्यावर आठवलं.

ते आत्याला सांगायला मला अर्धा दिवस लागला. तिनं शांतपणे ऐकून घेतलं. "म्हंजी आपलं परस्थान नसरापुरात आन आपन मदरासला," ती म्हणाली. "आता कोन म्होरं आन कोन मागं, तूच सांग. शिकलेला हायस." मग ती बसली आणि शेजारच्या हमालाच्या हातात गाठोडं दिलं.

बोटीचं तिकीट सर्वांत स्वस्त, म्हणजे उघड्या डेकचं. वर ताडपत्री, खाली फळ्या, आणि एका चटईच्या जागेत एक संसार. बहुतेक सगळे तेलंगी मजूर. भोरच्या कचेरीतला हा नकलनवीस पहिल्याच दिवशी आडवा झाला तो उठलाच नाही. माझ्या तोंडात चिंचेचा गोळा धरणारा आणि दोरीला बांधलेल्या बादलीनं माझं सगळं धुऊन काढणारा रामन्ना नावाचा एक तेलंगी म्हातारा होता. त्याचा आमच्याशी संबंध एवढाच, की बोटीवर चढताना आत्यानं गाठोडं त्याच्या हातात दिलं होतं. तो तेलुगू बोले, आत्या मराठी. दोघं दिवसभर बोलत. एकदा मी पडल्या पडल्या विचारलं, "आत्या, काय सांगतोय तो?"

"त्येची बी सून चांगली हाय," आत्या म्हणाली. तिला हे कुठून कळलं, देव जाणे.

पंचांनी सांगितलेल्या घरच्या काड्या आत्यानं आपल्या खळ्यातून आणल्या होत्या. भाताच्या पेंढ्यातल्या निवडक, सरळ, सोनेरी काड्या, फडक्यात गुंडाळून कमरेला खोचलेल्या. आमचं खाणं, कपडे, पैसे, सगळं तिनं वाटेत ज्याच्या त्याच्या हाती दिलं, पण काड्या एकदासुद्धा कुणाकडं दिल्या नाहीत. समुद्र खवळला त्या दुपारी एक लाट डेकवरून अशी गेली की माणसं चटईसकट वाहिली. रामन्नानं आमचं गाठोडं डोक्यावर धरलं होतं. त्यातली दशमीसुद्धा भिजली नाही. आत्या मात्र कमरेपर्यंत पाण्यात होती. परक्याच्या हातातलं सगळं कोरडं राहिलं आणि तिनं जिवाशी धरलेलं तेवढं ओलं झालं. तिनं काड्या उन्हात वाळवल्या, चुलीच्या धगीला धरल्या. पण खारं पाणी प्यालेली काडी वाळत नाही. ती चामड्यासारखी होते.

"वाळंल," आत्या म्हणे, आणि पुन्हा कमरेला खोची.

रंगूनच्या धक्क्यावर उतरलो तेव्हा माझ्या मनात पहिला विचार आला तो परतीच्या बोटीचा. पत्ता नाही, भाषा नाही, अंगात कोट नाही. धर्मशाळा शोधू, असं मी म्हणतोय तोवर रामन्ना आत्याचं गाठोडं घेऊन चालूही लागला होता. त्याच्या लोकांची चाळ म्हणजे लाकडी खुराडं, एकेका खोलीत वीसवीस माणसं. त्यांनी आत्यासाठी एक कोपरा रिकामा केला, मधे धोतर बांधून आडोसा केला आणि तिथली माणसं बाहेर पायऱ्यांवर झोपायला गेली. त्यांच्याकडं बघून मला ओशाळल्यासारखं झालं. आत्याला नाही. "परत्येकाची येळ आसती," ती म्हणाली. "आपल्याकडं कुनी आलं तर आपन न्हाई का गोठ्यात झोपत."

गिरण्या नदीच्या काठाकाठानं पसरलेल्या. सकाळी घाटावर गेलो तेव्हा आत्या एका होडीपाशी बसली आणि नावाड्याला म्हणाली, "धर रं बाबा." तो चितगावकडचा बंगाली मुसलमान होता. त्याचं नाव आम्ही विचारलं तेव्हा त्यानं सांगितलंही, पण मला ते नीट ऐकू आलं नाही आणि आत्यानं त्याचं नाव नावाडीदादा ठेवलं. मी माझ्या कचेरीतल्या हिंदुस्थानीत सांगितलं, "इनका लडका, शिरपती, चावल की गिरणी में." त्यानं नदीकाठच्या चिमण्यांकडं हात केला. जिकडंतिकडं चावलच्याच गिरण्या होत्या.

दोन-तीन दिवस तो आम्हाला एका गिरणीतून दुसऱ्या गिरणीत नेत होता. दारावर आत्या उभी राहायची आणि आपल्या डाव्या भुवईवर बोट फिरवून दाखवायची, तिथं शिरपाला लहानपणी विळा लागल्याची खूण होती. लोक माना हलवायचे. एका धक्क्यावरचा चिनी चहावाला आम्हाला रोज बघून इतका सरावला की आम्ही दिसलो की बाक पुसायचा आणि स्वतःच्या भुवईवर बोट फिरवून भुवया उंचावायचा. म्हणजे, सापडला का? आत्या मान हलवायची. तो चहा पुढं करायचा. आत्या परक्याच्या हातचं खायची नाही, पण त्याचा चहा घ्यायची. "त्येला वाईट वाटंल," एवढंच तिचं म्हणणं.

मी पुरता टेकीला आलो होतो. त्या बाकावर बसून मी म्हणालो, "आत्या, परत जाऊ. एवढ्या मोठ्या मुलखात माणूस सापडत नसतो."

"हौसाला काय सांगू?"

"नाही सापडला म्हणून सांग."

"मग ती काय करंल?"

आत्याही दमली होती. तिच्या पायांना फोड आले होते. "तू जा पायजे तर," ती म्हणाली. "म्या हितंच बसते. बसल्या जागी बी गावल कवातरी." मला एकट्यानं परतीची बोट गाठण्याचं धैर्य नव्हतं, म्हणून मी थांबलो. त्याला नंतर भावकीत माझी निष्ठा म्हणायला लागले.

शेवटी शिरपा सापडला तो रामन्नामुळं. त्यानं आपल्या माणसांत शब्द टाकला होता, तो गिरणीगिरणीतून फिरला आणि एका सकाळी रामन्ना धावत आला, भुवईवर बोट ठेवून.

गिरणीमागं बांबूचं उंच खांबांवरचं घर. शिरपा शिडीवर बसून दात घासत होता. त्यानं आईला पाहिलं आणि हातातली दातवणाची काडी तशीच राहिली. "आये, तू?" म्हणाला, आणि मग उतरून पाया पडला. आतून एक बाई आली, ठेंगणी, केसात फूल, पोटुशी. ती दोघांकडं बघत उभी राहिली.

आत्या शिडीच्या खालच्या पायरीवर बसली. खुशालीचं बोलणं झालं नाही. "हौसाला मोकळी करायची हाय," ती म्हणाली. "काडी मोड."

शिरपानं मान खाली घातली. "आये, म्या येनारच हाय की. वरीसभरात येतो."

"आन ही?"

शिरपानं हातातलं दातवण फेकून दिलं.

"मोडतोस का न्हाई?"

"माजी लग्नाची बायकू म्या का सोडू?" तो एकदम चढ्या आवाजात म्हणाला. "गावात लोक काय म्हनतील मला?"

आत्या भांडली नाही, रडलीही नाही. "बरं," ती म्हणाली. "बसते मग." आणि बसूनच राहिली. रामन्ना बसला, त्याच्याबरोबर आलेला त्याचा पुतण्या बसला. होडी बांधून नावाडीदादा आला, तो बसला. काय चाललंय हे बघायला गिरणीचा शीख दरवान आला, आत्यानं त्याच्या हातात गाठोडं दिलं, तो बसला. थोड्या वेळानं चहावाला किटली घेऊन आला. मी त्यांना माझ्या मोडक्या हिंदुस्थानीत समजावलं, त्यांनी एकमेकांना आपापल्या भाषेत समजावलं, आणि नावाड्यानं त्या बाईला बर्मीत समजावलं. दरवानानं मला विचारलं, "माँ बेटे की तरफ है या बहू की?"

मी आत्याला सांगितलं. "म्हनावं, सुनंच्या," ती म्हणाली. "लेकाला काय कमी हाय? बसलाय की घर करून."

दरवान हसला नाही. त्यानं शिरपाकडं बघितलं आणि दाढीवरून हात फिरवत बघतच राहिला. पाच माणसं, पाच मुलखांची नसली तरी चार मुलखांची खरी, कामधंदा सोडून एका म्हातारीसाठी धुळीत बसली होती. ऊन चढलं. त्या बाईनं भात वाढून आणला आणि आधी आत्यापुढं ठेवला. आत्यानं इतक्या दिवसांत परक्याच्या हातचं शीत तोंडात घातलं नव्हतं. तिनं ताटली घेतली, सावकाश जेवली, ताटली धुतली.

"ही चांगली हाय," ती शिरपाला म्हणाली. "हिला फसवू नगस. हितं येक ठिवायची, तिकडं येक बांधून ठिवायची, आसं न्हाई करू बाबा. म्या दमले आता. मोड."

शिरपानं हात पुढं केला. आत्यानं कमरेचं फडकं सोडून काडी दिली. त्यानं ती दोन्ही हातांत धरली आणि वाकवली. ती वाकली. आणखी वाकवली, ती दुमडली. पिळली, तर तिची दोरी झाली. दुसरी घेतली, तिसरी घेतली. मोडेना. पाच माणसं पुढं सरकून बघत होती. आत्याचा चेहरा मी तेव्हा पाहिला, आणि बोटीवरच्या वादळातसुद्धा तो तसा झाला नव्हता. काडी घरची पाहिजे होती, आणि घरच्या सगळ्या काड्या खारानं मेल्या होत्या.

ती बाई उठली. शिडी चढून वर गेली, आणि छपराच्या वळचणीतून एक काडी उपसून घेऊन आली. वाळलेली, खडखडीत. ती कशासाठी लागते आहे हे तिला नावाड्यानं सांगितलेलं होतं. तिनं ती शिरपाला दिली नाही, आत्याच्या हातात दिली, दोन्ही हातांनी. आत्यानं तिच्याकडं बघितलं आणि काडी लेकाच्या हातात ठेवली.

मोडल्याचा आवाज पाचही जणांनी ऐकला.

मार्गासनीला पंच पुन्हा बसले तेव्हा आत्याच्या पायांवर अजून फडकी बांधलेली होती. हौसा दाराआड उभी होती. पाटलांनी विचारलं, "पाच मानसं कोन हुती?"

"दोन तेलंगी, येक नावाडी, येक शीख आन येक चिनी."

"कंच्या जातीची?"

"म्या इचारलं न्हाई," आत्या म्हणाली. "त्यांनी बी मला न्हाई इचारलं."

पाटील माझ्याकडं वळले. मी मान डोलावली. "आन काडी? घरचीच ना?"

"शिरपाच्या घरची," आत्या म्हणाली.

यावर वाद घालायची कुणात उमेद नव्हती. एक जुने पंच होते, ते एवढंच म्हणाले, "मोडली तवा आवाज आला का?" आला, मी म्हणालो. माझ्या आयुष्यातली एवढी एकच साक्ष लोकांनी ऐकून घेतली. हौसा दाराआडून बाहेर आली आणि आत्याच्या पायांशी बसून फडकी सोडायला लागली.

पाट लागला आणि हौसा वेल्ह्याकडं नांदायला गेली. खाचरं आत्या एकटीनं लावू लागली. मग लढाई पेटली, रंगूनवर बाँब पडले आणि हजारो माणसं डोंगरातून चालत इकडं परतली. त्यांत शिरपाही आला. हाडांचा सापळा, पाय सुजलेले. आत्यानं त्याला न्हाऊ घातलं, भात भरवला. पहिला प्रश्न विचारला, "ती कुटं हाय? पोर कुटं हाय?"

"तिकडंच," शिरपा म्हणाला. "चालवलं नसतं त्यांना." आणि दोन दिवसांनी, जरा उठून बसता आल्यावर म्हणाला, "हौसा कुटं हाय?"

आत्यानं त्याचे पाय बरे होईपर्यंत त्याचं सगळं केलं. मग घर, खाचरं त्याच्या स्वाधीन केली आणि वेल्ह्याला हौसाकडं राहायला गेली. हौसाचा नवरा गाडी घेऊन आला होता. सून दुसऱ्याची झाल्यावर तिच्या घरी जाऊन राहणारी सासू आमच्याकडं कुणी पाहिली नव्हती. लोक बोलले. मग बोलायचे थांबले.

लढाई संपायच्या आत आत्या गेली. त्याआधी मी एकदा वेल्ह्याला गेलो होतो. ती हौसाच्या पडवीत घोंगडीवर पडून होती, हौसाची दोन पोरं तिच्या अंगावरून उड्या मारत होती. इकडचं तिकडचं बोललो. मग ती छपराकडं बघायला लागली.

"गणपा," ती म्हणाली, "हिच्यासाटी म्या हुते. तिच्यासाटी तिकडं कोन आसंल रं?"

"असतील की लोक," मी म्हणालो.

"आसतील," ती म्हणाली. "तिकडची लोकं चांगली हायती." आणि पोरांना बाजूला सारून कुशीवर वळली.